खाली दुकान, वर घर, मग मी कोणाची?

एका वाचक भगिनीचं आठ पानी पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा सारांश देते.

त्यांचं खाली वह्या-पेनांचं दुकान आणि वर घर. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, त्या याच रस्त्यावर राहतात. सात वर्षं त्या रहिवासी संघाच्या सचिव आहेत आणि यजमान व्यापारी संघाचे खजिनदार. आजवर दोन्ही संघांचं बरं जमत होतं. रस्त्यावरचे दिवे गेले की दोघांच्या सह्यांचं एकच पत्र पालिकेत जायचं. वर्षभरापूर्वी पार्किंगवरून बिनसलं. दुकानांसमोर दिवसभर गाड्या उभ्या असतात आणि सकाळी मालाचे टेम्पो फाटकं अडवतात, अशी रहिवाशांची तक्रार आहे. रस्त्याच्या एका बाजूला पार्किंग बंद करा, अशी त्यांची मागणी. व्यापारी म्हणतात, तसं झालं तर गिऱ्हाईक तुटेल. मध्यंतरी रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "सचिवबाई नक्की कोणाच्या?" आणि त्याखाली अकरा जणांनी अंगठ्याची खूण टाकली. "ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या घराची जादा किल्ली आजही आमच्या गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलेली आहे," असं त्या लिहितात. तटस्थ राहायचं तर राजीनामा द्यावा का, आणि दिला तर कुठला, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक वाक्य जाता जाता आलं आहे: "व्यापारी संघ पालिकेत निवेदन देणार हे मला आठ दिवस आधी घरात कळलं होतं, पण आमच्या बैठकीत मी काही बोलले नाही."

ताई,

किल्लीचं वाक्य मी दोनदा वाचलं. एक माणूस ग्रुपवर तुमच्याविषयी शंका घेतो आणि घराची किल्ली मात्र तुमच्याकडेच ठेवतो. यात त्यांचा दुटप्पीपणा पाहू नका. माणूस म्हणून त्यांचा तुमच्यावर भरवसा आहे, पण सचिव म्हणून तुम्ही कुठे उभ्या आहात हे त्यांना कळेनासं झालं आहे. त्यातलं दुसरं दुरुस्त करता येतं, आणि त्यासाठी राजीनामा लागत नाही.

अमेरिकेत शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या रस्त्याचं वर्णन करताना नेमकी हीच गोष्ट टिपली होती. लोक बाहेरगावी जाताना किल्ली ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायचे. जेकब्ज यांना त्याचं कारण असं दिसलं की दुकानदार विश्वासू तर असतोच, शिवाय तो नसत्या चौकशा करत नाही. किल्ली न्यायला कोण आलं आणि का आलं, याची तो चर्चा करत बसत नाही. रस्त्यावर ज्यांचं सहज लक्ष असतं अशा माणसांमुळे वस्ती सुरक्षित राहते आणि त्यात दुकानदारांचा वाटा मोठा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना हे कोणी सांगायला नको. रात्री उशिरा घरी येताना एखाद्या दुकानाचा दिवा चालू दिसला की बरं वाटतं, हा अनुभव त्यांनाही असणारच.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. तटस्थ माणूस म्हणजे ज्याचं त्या विषयात काहीच अडकलेलं नाही असा माणूस, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या रस्त्यावर असा एक तरी माणूस दाखवा. पार्किंगबंदी मागणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची गाडी रस्त्यावरच उभी असेल. रहिवासी संघात असे घरमालक असतील ज्यांचे तळमजल्याचे गाळे दुकानांना भाड्याने दिलेले आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक तुटलेलं परवडणार नाही. व्यापारी संघातल्या निम्म्या लोकांची मुलं याच रस्त्यावरून शाळेत चालत जात असतील. वस्तीचा संघ चालतोच मुळी अशा गुंतलेल्या माणसांच्या जोरावर. ज्याचं काही अडकलेलं नसतं तो बैठकीला येत नाही. तुम्ही बाजूला झालात तर दोन्हीकडची भाषा समजणारा एक माणूस कमी होईल, आणि त्या खुर्चीत जो बसेल त्याला व्यापारी आठ दिवस आधीच काय, निवेदन दिल्यावरही काही सांगणार नाहीत.

पण त्या शेवटच्या वाक्याशी मला थांबायचं आहे. तुम्ही गप्प राहिलात. मला त्याचं नवल वाटलं नाही. घरात जेवताना कानावर पडलेलं बाहेर बोलायचं नसतं, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. व्यापारी संघाची बातमी फोडणं तुम्हाला योग्य वाटलं नसेल, तर ते बरोबरच होतं. चूक वेगळ्या जागी झाली. ज्या बैठकीत पार्किंगवर चर्चा चालली होती तिथे तुम्ही सचिवाच्या खुर्चीत बसून राहिलात, इतिवृत्त लिहीत राहिलात आणि आपल्याला जास्त माहीत आहे हे कोणालाच कळू दिलं नाहीत. लोकांना तपशील कळला नसेल, पण काहीतरी लपलंय याचा वास येतो.

मी स्वतः एका रहिवासी संघाच्या समितीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. इमारतींच्या रंगकामाचं कंत्राट समितीतल्या एकाच्या मेहुण्याला मिळालं. दर वाजवी होता आणि काम इतकं चोख झालं की दोन पावसाळे भिंतींना काही झालं नाही. पण नातं कोणी आधी सांगितलं नव्हतं. वर्षभराने ते कळलं आणि त्यानंतर त्या समितीच्या कुठल्याही हिशेबावर कोणी विश्वास ठेवला नाही, अगदी झाडांच्या खताच्या पावतीवरसुद्धा. मलाही नातं माहीत होतं आणि मीही गप्प होते, म्हणून तुमच्या मनाची चलबिचल मला ओळखीची वाटते.

पत्रातली आणखी एक गोष्ट मनाला लागली. तुमचे यजमानही त्याच घरात वरच राहतात. त्याच फाटकातून येतात-जातात, टेम्पो त्यांनाही अडवतो. तरी "खजिनदार नक्की कोणाचे?" असं त्यांना कोणी विचारलेलं नाही, आणि राजीनामा त्यांनी द्यावा असं तुमच्याही मनात आलेलं दिसत नाही. बाईनेच बाजूला व्हायचं, ही सवय आपण या प्रश्नातही आणतो आहोत का, हे एकदा तपासा. मी जे तुम्हाला सांगणार आहे ते सगळं त्यांनाही लागू आहे. शक्य असेल तर हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

पुढच्या बैठकीत विषयपत्रिका सुरू होण्यापूर्वी उभ्या राहा आणि साध्या शब्दांत सांगा: "आमचं या रस्त्यावर दुकान आहे. यजमान व्यापारी संघाचे खजिनदार आहेत. पार्किंगच्या विषयात आमचं नुकसान-फायदा गुंतलेला आहे. म्हणून या विषयावर मी मत देणार नाही, या विषयाचं इतिवृत्त दुसरं कोणीतरी लिहावं आणि पालिकेला जाणाऱ्या पत्रावर माझ्याऐवजी उपाध्यक्षांनी सही करावी. बाकी सगळी कामं मी करते आहे तशीच करेन." आणि हे बोलणं इतिवृत्तात लिहून घ्या. मागच्या बैठकीत गप्प राहिल्याचंही त्याच वेळी सांगून टाका. दोन वाक्यं पुरतील: मला निवेदनाचं आधी कळलं होतं, आणि त्या वेळी मी चर्चेतून बाजूला व्हायला हवं होतं. कोणी आवाज चढवेल, चढवू दे. स्पष्टीकरणं देत बसू नका. यजमानांनी आपल्या संघात असंच सांगावं.

घरातही एक गोष्ट ठरवून टाका. कानावर पडलेलं काढून टाकता येत नाही, त्यामुळे 'घरात संघाचा विषय नको' हा नियम चार दिवस टिकेल. त्यापेक्षा एकमेकांना विचारायची सवय लावा: हे मी बाहेर बोलू का? उत्तर 'नाही' असेल तर त्या विषयाच्या बैठकीत तुम्ही बाजूला बसाल, एवढं दोघांनाही पक्कं माहीत असू द्या.

एवढं केलं की तुमच्यापुरतं कोडं बरंचसं सुटेल. मात्र तुमच्या पत्राची आठही पानं वाचून झाल्यावर मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटली. वर्षभर दोन संघ भांडत आहेत आणि रस्त्यावर कोणाच्या गाड्या उभ्या असतात हे अजून एकदाही कोणी मोजलेलं नाही. 'दिवसभर', 'सगळे', 'गिऱ्हाईक', 'नेहमीच' असेच शब्द दोन्हीकडून येतात.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये एक पाहणी झाली होती. तुमचे किती ग्राहक गाडीने येतात, असं दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज ४१ टक्के निघाला. मग खुद्द ग्राहकांना विचारलं, तर ते प्रमाण २२ टक्के भरलं. शिवाय आपले किती ग्राहक चालत येण्याच्या अंतरावर राहतात, याचा अंदाज दुकानदारांनी प्रत्यक्षापेक्षा फारच कमी केला होता. म्हणजे ज्यांना ते 'रहिवासी' म्हणत होते तेच मोठ्या संख्येने त्यांचे ग्राहक होते. तुमच्याकडे हेच आकडे येतील असं मी म्हणत नाही. तुमचा रस्ता वेगळा आहे. पण दुकानात उभ्या माणसाला दारासमोरची गाडी दिसते, चालत आलेला माणूस कुठून आला हे दिसत नाही, आणि ही चूक कुठेही होऊ शकते.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेचं. तिथे पार्किंग फुकट होतं आणि दोन तासांची मर्यादा होती. दुकानदारांना वाटायचं, पैसे आकारले तर गिऱ्हाईक पळेल. प्रत्यक्षात सगळ्यात सोयीच्या जागा अडवून बसणाऱ्यांत दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्याच गाड्या भरपूर होत्या. दोन तास झाले की ते बाहेर येऊन गाडी पुढे-मागे सरकवायचे. १९९३ मध्ये तिथे पार्किंगचे पैसे घेणारे मीटर बसले, आणि विरोध मावळला तो एका वचनामुळे: मीटरचं उत्पन्न शहराच्या तिजोरीत हरवणार नाही, याच पेठेच्या फुटपाथांवर, झाडांवर, दिव्यांवर आणि सफाईवर खर्च होईल. तसा तो झाला आणि पेठ पुन्हा गजबजली. पार्किंगचा आयुष्यभर अभ्यास करणारे प्राध्यापक डोनल्ड शूप यांनी हे उदाहरण जगभर नेलं. मीटर तुमच्या रस्त्याला योग्य की अयोग्य, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते गाडी सरकवणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे. तुमच्याकडे 'गिऱ्हाइकाच्या' म्हणून मोजल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी किती स्वतः दुकानदारांच्या आहेत? तुमची स्वतःची कुठे उभी असते?

तर मोजा. एक रहिवासी आणि एक व्यापारी अशी जोडी करा, म्हणजे आकड्यांवर नंतर भांडण होणार नाही. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा आणि एक महिन्याच्या सुरुवातीचा, असे तीन दिवस पुरतात. दर अर्ध्या तासाने वही घेऊन रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि उभ्या गाड्यांच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. संध्याकाळी वही उघडलीत की कुठली गाडी वीस मिनिटं होती आणि कुठली सकाळी नऊपासून हललेली नाही हे समोर येईल. पूर्ण नंबर नको, मालकाचं नाव तर मुळीच नको. एखाद्याला उघडं पाडण्यासाठी ही मोजणी नाही. त्याच तीन दिवशी प्रत्येक दुकानाने गल्ल्यावर एक कागद ठेवावा आणि ग्राहकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: कसे आलात आणि साधारण किती लांबून आलात. टेम्पोंच्या वेळा वेगळ्या लिहा. माझा कयास असा की तुमच्या फाटकांचा त्रास मुख्यतः टेम्पोंचा आहे, गिऱ्हाइकांच्या गाड्यांचा नाही, आणि तसं असेल तर माल उतरवायची जागा आणि वेळ ठरवून निम्मं भांडण मिटेल.

आकडे हातात आले की दोन्ही संघांनी मिळून एकाच विषयाची छोटी समिती करावी. इथे मला तुमच्या दोन्ही संघांना एक अवघड प्रश्न विचारायचा आहे: तुमचे सभासद कोण? रहिवासी संघात भाडेकरूंना मत आहे का? दुकानांत दहा-बारा तास उभे राहणारे कामगार, रस्त्यावर बसणारे विक्रेते, घरकामाला येणाऱ्या बाया, यांना कोणी विचारलंय का? वर्गणी देईल तो सभासद, हा नियम सोपा असतो, म्हणून तो सगळीकडे दिसतो.

व्यापाऱ्यांच्या संघटनांचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. कॅनडातल्या टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज म्हणून एक पेठ आहे. भुयारी रेल्वे आल्यावर रस्त्यावरची वर्दळ घटली आणि मोठ्या मॉलनी गिऱ्हाईक ओढलं. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून रस्ता सुधारायचं ठरवलं, पण काही जण पैसे देत आणि फायदा मात्र सगळ्यांना मिळे. मग १९७० मध्ये कायद्याच्या आधाराने पेठेतल्या प्रत्येक व्यवसायावर ठरावीक आकार बसवला गेला. शहराने तो वसूल करायचा आणि पेठेच्या मंडळाने तिथेच खर्च करायचा. अशी व्यवस्था जगात पहिल्यांदा तिथे झाली आणि पुढे अनेक देशांनी ती घेतली. इंग्लंडमध्ये अशी योजना मंजूर व्हायला दोन बहुमतं लागतात: मत देणाऱ्यांच्या संख्येचं आणि त्यांच्या जागांच्या करपात्र मूल्याचं. त्यामुळे मोठी दुकानं छोट्यांना रेटू शकत नाहीत आणि छोटीही मोठ्यांना. शिवाय जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा मतदान घ्यावंच लागतं. या व्यवस्थेवर एक रास्त आक्षेप आहे, की मत देतात ते व्यवसाय, आणि तिथे नुसतं राहणाऱ्याला मत नसतं.

दोन बहुमतांची कल्पना तुम्ही कायद्याशिवायही उचलू शकता. पार्किंगचा कुठलाही ठराव दोन्ही संघांत वेगवेगळ्या मतदानाने मंजूर झाला तरच तो दोघांचा ठराव समजायचा. आणि जो काही उपाय ठरेल त्याला शेवटची तारीख लावा. तीन महिने एका बाजूचं पार्किंग बंद करून पाहू, त्यानंतर पुन्हा तीच मोजणी करू आणि नव्याने मत घेऊ, असं ठरलं की कट्टर विरोधकही ऐकून घेतो, कारण हरलो तरी ते कायमचं नसतं. अर्थात पार्किंगची अधिकृत बंदी पालिकेच्या किंवा वाहतूक पोलिसांच्याच हातात असते. दोन संघांच्या सह्यांचा, आकडे जोडलेला एकच अर्ज तिथे गेला तर त्याला वेगळं वजन येतं. दिव्यांच्या वेळी तुम्ही हे करून पाहिलंच आहे.

२००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक पाणी, चराऊ रानं, मासेमारी सांभाळणारे गट वर्षानुवर्षं अभ्यासले. जे टिकले त्यांत नियम ज्यांना लागू होतात त्यांनाच ते बदलता येत होते, देखरेख त्यांच्यातलेच लोक करत होते आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा हलकीच शिक्षा होती. पार्किंगच्या जागाही तशाच सामाईक आहेत. तेव्हा पहिल्या दिवशी चुकीच्या बाजूला गाडी लावणाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. जाऊन बोला.

पैशांचं एक वाक्य तुमच्या पत्रात ओझरतं आलंय, की रहिवासी संघाच्या कार्यक्रमांना व्यापारी संघ मदत करतो. ती बंद करायची गरज नाही. पण किती आली आणि कशावर खर्च झाली, हे सूचना फलकावर लावा, आणि वाद चालू असेपर्यंत नवी मदत घेऊ नका.

राजीनामा कधी द्यावा, हेही सांगते. तुम्ही बाजूला बसल्यावरही कोणी एका संघाने दुसऱ्याची बातमी आणून द्यायचा आग्रह धरला, तर त्या संघाचं पद सोडा. वाद कोर्टात गेला आणि यजमान त्यात व्यापारी संघाच्या वतीने उभे राहिले, तर सचिवपद वाद संपेपर्यंत दुसऱ्याकडे द्या. आणि सात वर्षं झाली आहेत, तेव्हा दमला असाल तर नुसतं दमलात म्हणूनही सोडू शकता. फक्त तो राजीनामा अकरा अंगठ्यांना उत्तर म्हणून देऊ नका.

ज्यांचं दुकान नाही पण असाच पेच आहे, म्हणजे भाऊ नगरसेवक आहे, सून वास्तुविशारद आहे किंवा स्वतःच गाळ्याचे मालक आहात, त्यांनीही क्रम हाच ठेवावा: आधी सांगा, त्या विषयापुरते बाजूला व्हा, बाकीचं काम चालू ठेवा. आणि तुम्ही भाडेकरू असाल आणि संघात मतच नसेल, तर बैठकीला नुसतं ऐकायला बसू द्या, अशी लेखी विनंती करा. रस्त्याच्या वापराविषयी तुम्हाला जे दिसतं ते घरमालकाला दिसत नाही.

ताई, मोजणीसाठी पहिल्या जोडीतला रहिवासी म्हणून त्या ज्येष्ठ सभासदांनाच विचारा. ग्रुपवर नको. किल्ली न्यायला ते दुकानात येतील, तेव्हा खिळ्यावरून ती काढून देताना वही आणि पेन पुढे करा, आणि शनिवारी सकाळी नऊला येता का, एवढंच विचारा.